चिन्हाखालची छोटी पाटी : गाडी शिकताना ती कशी वाचायची?

आर्वीनाका

नमस्कार मंडळी. सध्या चारचाकी शिकते आहे, वर्धा जिल्ह्यात. क्लच, गिअर, चढावर गाडी मागे न जाऊ देणं, हे शिकवणारे भरपूर भेटतात. माझं अडतंय ते दुसरीकडेच. रस्त्याकडेच्या त्रिकोणी आणि गोल चिन्हांपैकी काहींच्या खाली एक वेगळी छोटी आयताकृती पाटी असते, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांची. कधी नुसता आकडा, कधी बाण, कधी वेळ, कधी ट्रकचं चित्र. ही पाटी नेमकी कशी वाचायची?

सगळी उदाहरणं माझ्या शाळेच्या वाटेवरची देते. वळणांचं त्रिकोणी चिन्ह आहे आणि खाली ‘२ किमी’. म्हणजे वळणं दोन किलोमीटरनंतर सुरू होणार, की इथून दोन किलोमीटरपर्यंत वळणंच वळणं? तालुक्याच्या गावात शिरताना ‘प्रवेश बंद’, खाली ट्रकचं चित्र आणि सकाळ-संध्याकाळच्या वेळा. कारनं जायचं की नाही? बाजारात ‘नो पार्किंग’च्या खाली बाण. बाण दाखवतो तिकडे गाडी लावायची, की तिकडेच लावायची नाही? आणि आमच्याच शाळेजवळ ३० चं गोल चिन्ह, खाली ‘शाळा’. मग रविवारी काय?

लर्निंगच्या परीक्षेत पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. चिन्हांवर प्रश्न होते, पण सगळे वरच्या चित्रावर. खालच्या पाटीवर एकही नाही. ड्रायव्हिंग क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, समोर पाहा, पाट्या काय वाचता.’

माझं मत स्पष्ट आहे. पुढे काय आहे ते वरचं चित्र सांगतं. कुठे, कधी, किती लांब आणि कुणासाठी, हे खालची पाटी सांगते. ती न शिकवता लायसन हातात देणं मला पटत नाही. तुमच्यापैकी कुणाला कुणी शिकवली का?

संत्राबाग

ताई, आमच्याकडे खालची पाटी तर सोडाच, वरचं चिन्हच वाढदिवसाच्या फ्लेक्समागे असते. भाऊंचा वाढदिवस गेला की वळण दिसते.

मोटारमास्तर

चांगला धागा काढलात. मी यवतमाळ जिल्ह्यात गाडी शिकवतो, आणि पहिल्या आठवड्यात पोरांना स्टिअरिंगला हात लावू देण्याआधी शेजारच्या सीटवर बसवून पाट्या वाचायला लावतो. तुमच्या उदाहरणांची उत्तरं एकेक देतो.

आकड्याचं आधी. पाटीवर नुसतं अंतर असेल, ‘२०० मी’ किंवा ‘२ किमी’, तर तो धोका तेवढ्या अंतरावर सुरू होतो. आकड्याच्या दोन्ही बाजूंना वर तोंड केलेले बाण असतील, किंवा ‘पुढील २ किमी’, ‘२ किमीपर्यंत’ असं लिहिलं असेल, तर धोका तेवढ्या लांबीचा आहे. हा भेद आपल्याकडचाच नाही. व्हिएन्नाला १९६८ साली रस्ताचिन्हांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात या दोन पाट्यांना एच-१ आणि एच-२ असे वेगळे क्रमांक दिलेले आहेत. एच-१ धोक्यापर्यंतचं अंतर, एच-२ धोक्याची लांबी. म्हणजे बाण हीच सगळी गोम आहे.

यानं फरक काय पडतो ते हिशेबानं पाहा. ताशी ६० नं गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. ‘२०० मी’ वाचल्यावर तुमच्या हातात बारा सेकंद असतात. तेवढ्यात आरसा पाहून, पाय उचलून, एक गिअर खाली आणून, मागच्याला न घाबरवता वेग कमी करता येतो. याउलट बाणवाली ‘२ किमी’ पाटी असेल तर पहिलं वळण संपलं म्हणून लगेच दाबायची नाही. शिकाऊ माणूस नेमका इथं चुकतो. एक वळण घेतो, सुटलो म्हणतो, आणि दुसऱ्यात बाहेर फेकला जातो.

खाली काहीच पाटी नसेल तर धोका जवळच आहे असं धरायचं. रस्ते बांधणारे ज्या आयआरसी ६७ या संहितेवर चालतात, तिच्या जुन्या आवृत्तीत सपाट भागातल्या राष्ट्रीय आणि राज्य महामार्गावर सावधानतेचं चिन्ह धोक्याच्या १२० मीटर आधी, आणि गावरस्त्यावर जेमतेम ४० मीटर आधी लावायचं असं होतं. गावरस्त्यावर त्रिकोण दिसला की वळण आलंच समजा.

ट्रकचं चित्र असलेली ‘प्रवेश बंद’ फक्त ट्रकला, आणि लिहिलेल्या वेळेतच. तुमच्या कारला ती लागू नाही. मात्र खाली पाटीच नसती तर ती सगळ्यांना, सगळा वेळ लागू झाली असती. पाटी वरच्या चिन्हाला आवरते, हे एक सूत्र धरलं की बहुतेक पाट्या सुटतात.

बाकी दोन दुपारनंतर लिहितो, आता एक पोरगी रिव्हर्स शिकायला आली आहे.

कापूसकोंड्या

मास्तर, पुस्तकात हे बरोबर आहे. पण आमच्या जिल्हा रस्त्यावर ठेकेदारानं लावलेल्या पाटीवर फक्त ‘५००’ असं लिहून आहे. मीटर नाही, बाण नाही, काहीच नाही. आता त्या पोरीनं काय समजावं? मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापूस भरून जिनिंगला नेतो. आमचा भरवसा रस्त्यावर, पाटीवर नाही. समोर बाभळी वळल्या की रस्ता वळला, विजेचे खांब उजवीकडे गेले की आपणही उजवीकडे. शिकणाऱ्याला हे शिकवा. पाट्यांच्या भरवशावर राहिला तर पाटी नसलेल्या रस्त्यावर काय करणार तो?

मोटारमास्तर

भाऊ, रस्ता वाचायलाही शिकवतोच. पण झाडांची रांग कधी कधी जुन्या रस्त्याची असते आणि नवा रस्ता सरळ केलेला असतो. विजेचे खांब तर धुऱ्यानं जातात, रस्त्यानं नाही. अंधारात तुमच्या बाभळी दिसत नाहीत, पाटीवरचा रिफ्लेक्टर कागद मात्र हेडलाइटमध्ये चमकतो. दोन्ही वाचावं.

‘५००’ म्हणजे ५०० मीटर, आणि बाण नाही म्हणून अंतर. पण लावणाऱ्यानं अर्धवट काम केलं हे तुमचं म्हणणं मान्य.

सेमाडोह_फाटा

अंतर आणि लांबीचा घोळ घाटात जिवावर येतो. परतवाड्याहून वर चढलं की वळणामागं वळण आहे. आमच्याकडे एका वळणावर ‘हॉर्न वाजवा’चं निळं गोल चिन्ह आहे, त्याखालची पाटी एकाच नटावर लटकून राहिली आहे. दुसरा नट गंजून पडला. त्यामुळे पाटी आडवी फिरली आणि पुढे दाखवणारा बाण आता थेट दरीकडे दाखवतो. स्थानिक माणसाला ठाऊक आहे, पण बाहेरून आलेला नवखा तिथे खरोखर थबकून डावीकडे पाहतो. त्या बाजूला सागाचे शेंडे तेवढे आहेत.

कापूसकोंड्या भाऊ, घाटात रस्ता वाचून चालत नाही. पुढचं वळण मागच्या वळणावरून दिसतच नाही. तिथे पाटीशिवाय गती नाही.

रोहीवाट

घाटात वळणं, तशी सपाटीवर जनावरं. वन्यप्राण्यांच्या त्रिकोणाखाली बहुतेक ठिकाणी लांबी लिहिलेली असते, ‘पुढील ५ किमी’ वगैरे. चिन्हावर चित्र हरणाचं असते, म्हणून लोक हरणाचीच वाट पाहतात. आमच्याकडे रस्त्यावर येते ती रोही आणि रानडुक्कर. तुरीच्या, हरभऱ्याच्या दिवसांत संध्याकाळी दिवेलागणीला आणि पहाटे जास्त.

शिकणाऱ्यांसाठी एक सांगतो. एक रोही रस्ता ओलांडून गेली म्हणजे सुटलो असं नाही. मागं कळप असतो आणि तो पहिलीच्या मागं येतोच येतो. पहिली दिसली की थांबा, डिपर द्या आणि धुऱ्याकडे पाहत राहा. ‘पुढील ५ किमी’चा अर्थ पाचही किलोमीटर पाय ब्रेकच्या जवळ, इतका सोपा आहे.

नागपूरहून पेंचकडे जाताना ४४ नंबरच्या महामार्गावर जनावरांना खालून जायला भुयारी वाटा केल्या आहेत, वरून गाड्या जातात. ते काम झकास झालं. पण गावागावांतल्या रस्त्यांना अशा वाटा कोण देणार? तिथे त्रिकोण आणि खालची पाटी एवढाच आधार आहे.

हिंगणघाट_ते_हॅनोव्हर

मी मूळचा हिंगणघाटचा, सध्या जर्मनीत आहे. भारतातलं लायसन इथं काही महिनेच चाललं, मग नव्यानं परीक्षा द्यावी लागली. आर्वीनाका ताईंनी जो विषय काढलाय, त्याला इथं ‘त्सुझात्सत्सायखन’ म्हणतात आणि त्यावर लेखी परीक्षेत सरळ प्रश्न येतात. प्रश्न तीस, आणि चुकीचे गुण दहाच्या वर गेले की नापास.

काही पाट्या आपल्याकडे असाव्यात असं फार वाटतं. वेगमर्यादेच्या चिन्हाखाली ‘बाय नेस्सं’, म्हणजे ही मर्यादा रस्ता ओला असतानाच लागू. कोरड्यात वेगळा नियम, ओल्यात वेगळा. वस्तीतल्या रस्त्यावर ३० च्या खाली ‘२२-६’, म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा, लोकांच्या झोपेसाठी. आणि एका खांबावर दोन-तीन चिन्हं असतील तर पाटी तिच्या लगेच वर असलेल्या चिन्हालाच लागू, बाकीच्यांना नाही. हा नियम कायद्यातच लिहिलेला आहे. परीक्षेत सगळ्यात जास्त पोरं याच प्रश्नाला अडकतात.

कापूसकोंड्या

हिंगणघाटवाले भाऊ, ओल्या रस्त्याची पाटी आमच्याकडे खरोखर पायजे. जर्मनीत पाऊस डांबरावर पडते, आमच्याकडे डांबरावर आधी काळी माती पडते आणि मग पाऊस. पेरणीच्या दिवसांत वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती रस्त्यावर येते. मृगाची पहिली सर आली की त्याच रस्त्यावर मोटारसायकल उभी राहत नाही. घसरड्या रस्त्याचा त्रिकोण आहे, पण तो बाराही महिने तिथंच, म्हणून कोणी पाहत नाही. खाली ‘पावसाळ्यात’ असं लिहिलं असतं तर लोकांनी मानलं असतं.

आर्वीनाका

कापूसकोंड्या भाऊ, तुम्ही तर पाटीच्या बाजूनं आलात!

कापूसकोंड्या

चांगल्या पाटीच्या बाजूनं मी कधीचाच आहे. राग ‘५००’चा आहे.

पैनगंगा_काठ

पावसाचा विषय निघालाच आहे तर रपट्याचं बोलू. आमच्याकडे नाल्यावर उंच पूल कमी, रपटेच जास्त. रस्ता खाली उतरतो, नाल्याच्या अंगावरून जातो आणि पुन्हा वर चढतो. तिथे खोलगट रस्त्याचा त्रिकोण असतो आणि त्याजवळ पाटी : ‘पुलावरून पाणी वाहत असताना पूल ओलांडू नये’. ही पाटी आपण इतक्या वेळा पाहिली आहे की आता ती दिसतच नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये आमच्या उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून एसटी बस पुरात वाहून गेली, माणसं गेली. गाडी शिकणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलंच पाहिजे. पाणी गुडघ्याएवढं दिसलं तरी खाली रपट्याची कड कुठे आहे ते दिसत नाही. कठडे पाण्याखाली, रस्ता वाहून गेला असेल तर तेही पाण्याखाली. कार तरंगायला फार पाणी लागत नाही. आणि चाकं उचलली गेली की स्टिअरिंगचा काही उपयोग नाही. काही रपट्यांवर पाण्याची उंची दाखवणारा रंगवलेला खांब असतो, तोही पाटीचाच भाऊ समजा. पाणी उतरेपर्यंत थांबायचं. विदर्भातला नाला जसा चढतो तसा उतरतोही, बहुतेक वेळा एका चहाचा खेळ असतो.

बंडीवाले_आबा

म्या गाडी चालवत नाही, बंडी चालवतो, नातू लिहून देऊन राह्यला. तुमी समदे कारवाले आपसात बोलून राह्यले म्हून सांगतो. गोल चिन्हात बंडीचं चित्र असलं की आमाले तो रस्ता बंद. मोठ्या सडकीवर ते पाह्यलं की आमी बैल वळवतो, गावरस्त्यानं फेरा मारून जातो. पण गावरस्त्यावर आमचाबी हक हाये. बंडीच्या मागं लाल रेडियमची पट्टी लावली, तरी पोट्टे मोटारसायकलीचा लाइट डोयावर मारत येतात. शिकवनाऱ्यानं हेबी शिकवाव. बैल हॉर्नले बुजतात. मागून हॉर्न मारू नका, लाइट कमी करा, आमी बाजूले होतो.

मोटारमास्तर

आबाजी, नमस्कार. उद्याच्या क्लासला हे तुमचं नाव घेऊन सांगतो.

राहिलेली उत्तरं. नो पार्किंगखालचा बाण मनाई कुठपर्यंत आहे ते दाखवतो. ज्या दिशेला बाण, त्या बाजूला गाडी लावायची नाही. दोन्हीकडे बाण म्हणजे चिन्हाच्या दोन्ही अंगांना मनाई, तुम्ही मनाईच्या मधोमध आहात. बाजारपेठेत अशा दोन-तीन पाट्या ओळीनं असतात : पहिलीचा बाण आत दाखवतो, शेवटचीचा उलट. वरचं चिन्हही नीट पाहा. निळ्या गोलावर लाल तिरकी रेघ एकच असेल तर गाडी उभी करून जायला मनाई, माणूस उतरवायला क्षणभर थांबता येतं. फुली असेल, दोन रेघांची, तर थांबायलाही मनाई.

शाळेचं उत्तर ताईंना आवडेल. ३० च्या खाली फक्त ‘शाळा’ लिहिलंय, वेळ किंवा वार नाही. मग ३० सगळे दिवस, सगळा वेळ. ‘शाळा’ ही पाटी कारण सांगते, सूट देत नाही. सूट द्यायची असती तर वेळ लिहिली असती.

आर्वीनाका

आवडलंच. आमच्या शाळेचं मैदान गावात एकच आहे, त्यामुळे रविवारी तिथे शाळेच्या दिवसापेक्षा जास्त पोरं असतात. क्रिकेटचा चेंडू रस्त्यावर गेला की मागून पोरगं धावतंच, आणि त्याला रविवार-सोमवार कळत नाही.

मूर्तिजापूर_जंक्शन

रेल्वे फाटकाचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. फाटकाच्या आधीच्या चिन्हासोबत तिरप्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्या म्हणजे फाटक २०० मीटरवर, एक पट्टी म्हणजे ५० ते १०० मीटरवर. आकडा न लिहिता अंतर सांगायची ही पद्धत मला फार आवडते, न शिकलेल्या माणसालाही कळते. आणि त्रिकोणात कुंपणासारखं गेट असेल तर फाटकावर माणूस आहे. रेल्वेचं इंजिन असेल तर माणूस नाही, स्वतः थांबून दोन्हीकडे पाहायचं. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं २०१९ च्या जानेवारीपर्यंत बंद झाली, पण लर्निंगच्या परीक्षेच्या नियमात अशी फाटकं ओलांडतानाची काळजी हा विषय अजून आहे.

आमच्याकडे या चिन्हांचं निराळंच झालंय. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी आपली शकुंतला आता धावत नाही. नॅरोगेजचे रूळ कुठे डांबराखाली, कुठे गवतात. पण काही ठिकाणी इंजिनाचा त्रिकोण उभाच आहे. जुने ड्रायव्हर तिथे अजून गाडी हळू करतात, आणि मला ते बरं वाटतं.

संत्राबाग

शकुंतला धावायची तेव्हाही २०० मीटरची पाटी जास्तच होती. चहा पिऊन, पैसे देऊन, मग फाटक ओलांडलं तरी चालायचं.

मूर्तिजापूर_जंक्शन

चालायचं, खरं आहे. पण बाजारच्या दिवशी त्याच गाडीत अख्ख्या पंचक्रोशीची भाजी, कोंबड्या आणि लेकुरवाळ्या बाया मावायच्या. आज त्या गावांतून तालुक्याला यायला ऑटोशिवाय काही नाही. ती गाडी ब्रॉडगेज होऊन परत आली पाहिजे.

रोहीवाट

+१. पण आता धागा रुळावर आणा मंडळी.

जालना_रिटर्न

समृद्धीवर जाणाऱ्या नवशिक्यांसाठी. तिथे दुचाकी, ऑटो, ट्रॅक्टर चालत नाहीत. आणि वेगाचे आकडे वाहनाप्रमाणे वेगळे असतात, म्हणून आकड्याशेजारचं वाहनाचं चित्र वाचायचं. द्रुतगती मार्गावर कारला १२०, बसला १००, मालवाहू गाडीला ८० ही केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेतली कमाल मर्यादा आहे. ‘१२०’ एवढंच पाहून पिकअपवाला दाबतो, ते चूक. प्रत्यक्ष पाटीवर त्याहून कमी आकडा असेल तर पाटीचा आकडा खरा.

कापूसकोंड्या

एक खरा प्रश्न. खालची पाटी वाचताच येत नसेल तर? आमच्या बसस्टँडसमोरची पाटी खर्रा खाऊन थुंकून थुंकून लाल झाली. वर ‘प्रवेश बंद’ दिसते, खाली वेळ होती की वाहन होतं काही कळत नाही. मी म्हणतो अशी पाटी नसल्यासारखीच. दंड झाला तर मी मानणार नाही.

मोटारमास्तर

इथे माझं उलट मत आहे. पाटी गेली तरी वरचं चिन्ह उभं आहे. मोटार वाहन कायद्याच्या ११९ व्या कलमानुसार आज्ञादर्शक चिन्ह पाळणं चालकाला बंधनकारक आहे. सूट पाटीत होती, ती वाचता येत नाही, म्हणजे सूट मिळाली असं धरता येत नाही. शंका असेल तिथे कडक अर्थ घ्यायचा.

सेमाडोह_फाटा

मास्तर, शिकणाऱ्यासाठी हे बरोबर. पण मग पाटी दुरुस्त करायची जबाबदारी ज्याची, त्याला जाब विचारायचा की नाही? सगळा भार चालकावरच का?

पैनगंगा_काठ

जाब विचारायचाच. त्यासाठी रस्ता कुणाचा हे आधी कळलं पाहिजे, आणि ते किलोमीटरचा दगड सांगतो. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य महामार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग. केशरी पट्टा असेल तर गावरस्ता, त्यासाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे जा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा फोन नंबर आहे, अपघातालाही तोच. अर्जात ‘अमुक गावाजवळ’ असं लिहू नका, दगडावरचा किलोमीटर लिहा आणि फोटो जोडा. आम्ही रपट्याच्या पाटीसाठी तसा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासकट दिला होता. पावसाळ्याआधी नवी पाटी लागली.

कापूसकोंड्या

ग्रामसभेचा ठराव! हे डोक्यातच आलं नव्हतं. ‘५००’ आणि लाल पाटी, दोन्ही घेतो.

आर्वीनाका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मास्तरांच्या पद्धतीनं मिस्टरांना गाडी चालवायला बसवलं आणि मी शेजारी बसून प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत गेले : काय, कुठे, कधी, कुणाला. पोरगा मागून उत्तरं देत होता.

आणि वळणाच्या त्या ‘२ किमी’चा उलगडा झाला. गाडी बाजूला घेऊन उतरून जवळून पाहिलं. आकड्याच्या दोन्ही बाजूंचा काळा रंग उडालाय, पण बाणांचा आकार कागदावर खरवडल्यासारखा उमटलेला आहे, टोकं वर. म्हणजे लांबीच. गाडीतून पाहणाऱ्याला मात्र नुसता आकडा दिसतो आणि तो नेमका उलटा अर्थ घेतो. दगड हिरवा आहे, किलोमीटर टिपून घेतला, फोटो काढला. सोमवारी बांधकाम विभागाच्या उपविभागात अर्ज देते आहे.

मास्तर, अजून एक. तुमच्या क्लासमध्ये पाट्यांवर लेखी काही देता का? आमच्या सातवीच्या पोरांना परिपाठात द्यायचं आहे. ती काही वर्षांत मोटारसायकलवर बसणारच आहेत, आणि आत्ता सायकलवर आहेतच.

मोटारमास्तर

लेखी नाही, पण माझ्याकडे जुन्या पाट्यांचे फोटो आहेत, पाठवतो. पोरांना फक्त ओळखायला लावू नका. खालची पाटी झाकून अर्थ विचारा, मग उघडून पुन्हा विचारा. अर्थ बदलला की पोरं स्वतःच हसतात आणि मग विसरत नाहीत.

जालना_रिटर्न

मास्तर, जाता जाता. रस्ता रुंदीकरण चालू असलं की त्रिकोण पिवळे दिसतात, आतला भाग पिवळा. ते वेगळे असतात का? त्यांच्या खालच्या पाट्या आणि आधीच्या कायमच्या पाट्या जुळत नसतील तर कुठली मानायची?

मोटारमास्तर

पिवळा म्हणजे तात्पुरता, कामापुरता. अर्थ तोच, चित्र तेच. जुळत नसतील तर पिवळी माना, कारण ती आजची आहे आणि पांढरी काम सुरू व्हायच्या आधीची. रात्री अशा ठिकाणी आकडा वाचण्याआधी डायव्हर्जनचा बाण शोधा, बरेचदा तो खाली पिंपाला टेकवून ठेवलेला असतो.